केमो लागू पडेल का, हे सांगणारी चाचणी आपल्याच रुग्णांवर पारखली जावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

लघवीच्या किंवा रक्ताच्या नमुन्यावरून केमोथेरपी लागू पडेल की नाही हे आधीच कळेल, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून वरचेवर येत असतात. मूत्राशयाच्या कर्करोगाबाबत अशी बातमी आली, की ज्या घरात हा आजार शिरलेला आहे तिथली मंडळी ती जपून ठेवतात आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर धरतात. मी महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे कोपरखैरण्यात आमच्या आसपासचे लोक अशी कात्रणे मलाही आणून दाखवतात. त्यांना मी तोंडी जे सांगते तेच जरा विस्ताराने आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. या संशोधनाकडून मला मनापासून आशा आहे, आणि घाई केल्यास त्याच आशेचे नुकसान होईल अशी काळजीही आहे.

मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळीपासून मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागापर्यंत एकाच प्रकारचे अस्तर असते आणि त्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगांपैकी बहुतेक मूत्राशयात आढळतात. २०२२ साली जगभरात मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख नवे रुग्ण नोंदले गेले. तंबाखू हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. रंगनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या काही ॲरोमॅटिक अमाइन द्रव्यांचा धोका तर लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातील कामगारांच्या उदाहरणावरून दाखवला होता. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दुतर्फा रासायनिक उद्योगांत ज्यांचे आयुष्य गेले त्या आपल्या भागातल्या कुटुंबांना हा आजार परका वाटू नये, एवढ्याचसाठी हा उल्लेख केला. लघवीतून रक्त गेले आणि दुखले नाही, म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष करणारे लोक आजही भेटतात, हे जाता जाता नमूद करते.

गाठ मूत्राशयाच्या स्नायूत उतरली असेल, तर आज रूढ असलेला मार्ग असा आहे: आधी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात, मग सिस्प्लॅटिनवर आधारित केमोच्या तीन-चार सायकल, म्हणजे ठरावीक अंतराने दिल्या जाणाऱ्या फेऱ्या, देतात आणि त्यानंतर मूत्राशय काढून टाकतात. काही निवडक रुग्णांत मूत्राशय राखून केमो आणि किरणोपचार एकत्र देतात. शस्त्रक्रियेआधी केमो द्यावी या मतामागचा सर्वांत ठोस पुरावा अमेरिकेत रुग्णांचे दोन गट करून झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून आला. त्या चाचणीत ३१७ रुग्ण होते. आधी केमो घेतलेल्यांपैकी ३८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात कर्करोग शिल्लक सापडला नाही आणि केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात हेच प्रमाण १५ टक्के होते. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण किमान जितके जगले तो काळ) पहिल्या गटात ७७ महिने आणि दुसऱ्यात ४६ महिने भरले. हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यांच्यावरच उभा आहे.

ज्यांना ही केमो लागू पडत नाही, त्यांचे काय होते? सिस्प्लॅटिन हे औषध साधे नाही. ते मूत्रपिंडावर ताण आणते, कानांची ऐकण्याची क्षमता कमी करू शकते, हातापायांना मुंग्या आणते आणि मळमळ तर जवळपास ठरलेलीच असते. म्हणूनच ते देण्यापूर्वी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग, पाहतात आणि तो मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली असेल तर सहसा हे औषध टाळतात. ओळखीच्या एका गृहस्थांनी सगळ्या सायकल निमूटपणे सोसल्या, सलाइनच्या बाटल्या मोजत दिवस काढले आणि शेवटी स्कॅनमध्ये गाठ वाढलेलीच दिसली. त्यांच्या मुलीने मला विचारलेला प्रश्न साधा होता: थेट ऑपरेशन केले असते तर हे अडीच-तीन महिने वाचले असते का? तिच्या प्रश्नाला आजच्या घडीला कोणीही खात्रीने उत्तर देऊ शकत नाही. चयापचयाशी संबंधित जैवसूचकांचे, म्हणजे शरीरात मोजता येणाऱ्या रासायनिक खुणांचे, संशोधन ज्या उत्तरासाठी चालले आहे ते नेमके हेच.

मूत्रवाहिनीच्या किंवा मूत्रपिंडाच्या पोकळीच्या कर्करोगात तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तिथे शस्त्रक्रियेत सहसा त्या बाजूचे मूत्रपिंड मूत्रवाहिनीसह काढावे लागते आणि एकाच मूत्रपिंडावर राहिलेल्या कित्येक रुग्णांना नंतर सिस्प्लॅटिन पेलत नाही. केमो आधी द्यायची की नंतर, याचा निर्णय तिथे परत फिरवता येत नाही.

चयापचय आणि केमो यांचा संबंध काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोज मोठ्या प्रमाणावर खेचून घेतात आणि त्याचे लॅक्टेट करतात, हे ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले. (त्यांना १९३१ चे नोबेल मिळाले ते श्वसनातील एका विकरावरच्या, म्हणजे एन्झाइमवरच्या, कामासाठी.) पेट स्कॅन याच भुकेवर चालतो. पण मूत्राशयाच्या बाबतीत तो अडतो, कारण स्कॅनसाठी दिलेले किरणोत्सारी ग्लुकोज लघवीतूनच बाहेर पडते आणि मूत्राशय मुळातच उजळून निघतो. अशा वेळी लघवीलाच तपासणीचे साधन का करू नये, हा विचार स्वाभाविक आहे. लघवी गाठीला सतत स्पर्श करत असते, ती मिळवायला सुई लागत नाही आणि तिच्यात पेशींच्या उलाढालीतून सुटलेले हजारो छोटे रेणू असतात. अमिनो आम्ले, मेदाम्लांचे तुकडे, न्यूक्लिओटाइडांचे अवशेष असे हे रेणू मास स्पेक्ट्रोमीटर किंवा एनएमआर या रेणू ओळखणाऱ्या यंत्रांवर एकाच वेळी मोजता येतात.

औषध कसे काम करते ते पाहिले की हा संबंध आणखी स्पष्ट होतो. सिस्प्लॅटिनमधील प्लॅटिनम डीएनएमधील शेजारशेजारच्या ग्वानिन या घटकांना जोडून टाकते आणि पेशीला विभाजन करून पुढे जाता येत नाही. पण पेशीत ग्लुटाथिओन नावाचा, तीन अमिनो आम्लांचा बनलेला एक लहान रेणू असतो आणि त्यातला गंधक प्लॅटिनमला डीएनएपर्यंत पोहोचण्याआधीच पकडू शकतो. ज्या पेशीत ग्लुटाथिओन भरपूर तयार होते, ती पेशी औषध पचवून बसण्याची शक्यता जास्त असते. सिस्प्लॅटिनसोबत दिले जाणारे जेमसिटाबिन तर स्वतःच चयापचयावर अवलंबून आहे: पेशीतील एक विकर त्याला फॉस्फेट जोडून कामाला लावते आणि सिटिडिन डीअमिनेज हे दुसरे विकर त्याला निष्क्रिय करते. म्हणजे औषध आत किती शिरले, किती जागे झाले, किती निकामी झाले आणि झालेली मोडतोड पेशीने किती दुरुस्त केली, हा सगळा हिशेब रसायनांचाच आहे. त्याच्या खुणा लघवीत किंवा रक्तात सापडाव्यात ही अपेक्षा पोकळ नाही.

जनुकांच्या बाजूनेही असे प्रयत्न झाले आहेत. ईआरसीसी२ या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जनुकात बदल असलेल्या गाठी सिस्प्लॅटिनला चांगला प्रतिसाद देतात असे २०१४ मध्ये दिसून आले, पण असे बदल स्नायूत उतरलेल्या गाठींपैकी फार थोड्यांत असतात. जनुकांच्या सक्रियतेवरून दोन केमो पद्धतींपैकी कोणती लागू पडेल हे सांगू पाहणारी कोक्सेन नावाची पद्धत अमेरिकेत रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत पारखली गेली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, ती त्या-त्या औषधयोजनेपुरते वेगळे भाकीत करते हे सिद्ध झाले नाही. इतक्या काळजीपूर्वक आखलेल्या प्रयत्नाला यश हुलकावणी देते, तेव्हा एखाद्या रुग्णालयातील मूठभर नमुन्यांवरून काढलेल्या निष्कर्षाची बातमी किती जपून द्यायला हवी हे वेगळे सांगायला नको.

माझ्या मते सर्वांत मोठा घोटाळा होतो तो भवितव्य सांगणारा सूचक आणि औषधाचा परिणाम सांगणारा सूचक यांत. वर दिलेला १५ टक्क्यांचा आकडा इथे पुन्हा पाहावा. केमो न घेताही शंभरातल्या पंधरा रुग्णांच्या मूत्राशयात कर्करोग उरला नव्हता, कारण दुर्बिणीतून खरवडतानाच तो निघून गेला होता. आता समजा, एखाद्या संशोधकाने फक्त केमो घेतलेले रुग्ण घेतले आणि ज्यांच्यात कर्करोग उरला नाही त्यांच्या लघवीत अमुक रेणू कमी सापडला. हा रेणू केमो लागू पडण्याची खूण आहे, की मुळात गाठ लहान व कमी आक्रमक असल्याची? केमो न घेतलेल्या रुग्णांशी ताडून पाहिल्याशिवाय हे ठरवताच येत नाही. कमी आक्रमक गाठीच्या रुग्णाला ‘तुम्हाला केमो लागू पडेल’ असे सांगणे हे भाकीत नव्हे. त्याला कदाचित केमोची गरजच नसेल.

दुसरी अडचण संख्येची आहे. एका वेळी १००० रेणू मोजले आणि योगायोगाची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल तर फरक खरा मानायचा ही रूढ मर्यादा लावली, तर त्यातल्या एकाचाही केमोशी काडीचा संबंध नसला तरी सुमारे ५० रेणू केवळ योगायोगाने ‘महत्त्वाचे’ ठरतील. चाळीस-पन्नास रुग्णांच्या गटातून असे रेणू निवडून त्यांचे सूत्र बनवले, की ते सूत्र त्याच गटावर विलक्षण अचूक दिसते आणि दुसऱ्या शहरातल्या रुग्णांवर कोसळते. म्हणून ज्या रुग्णांवरून सूत्र तयार झाले त्यांच्याबाहेरच्या, दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर ते न बदलता तपासले गेले का, हा पहिला प्रश्न विचारावा. जैवसूचकांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी रिमार्क नावाची मार्गदर्शक तत्त्वे २००५ पासून उपलब्ध आहेत आणि ती पाळलेला अहवाल वाचला की अभ्यासाचा कस लगेच कळतो.

चूक कोणत्या बाजूला होते यालाही महत्त्व आहे. उदाहरणासाठी १०० रुग्ण धरू. त्यांपैकी ४० जणांना केमो लागू पडणार आहे आणि ६० जणांना नाही. चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के बरोबर आहे. ती ६० पैकी ४८ जणांना बरोबर ओळखेल, पण ज्यांना लागू पडणार होती त्या ४० पैकी ८ जणांनाही ‘उपयोग नाही’ असे सांगेल. म्हणजे नकार मिळालेल्या ५६ जणांत ८ माणसे अशी असतील, की ज्यांच्या हातून बरे होण्याची एक खरी संधी एका कागदामुळे निसटली. ऐंशी टक्के हा आकडा बातमीत भारदस्त दिसतो. ही आठ माणसे त्यात दिसत नाहीत. म्हणूनच असे नकारार्थी भाकीत व्यवहारात आणायचे तर त्याची अचूकता यापेक्षा कितीतरी वरची हवी, आणि त्या रुग्णापुढे दुसरा चांगला मार्गही खुला हवा.

दुसरा मार्ग आता निर्माण होतो आहे, हे मान्य केलेच पाहिजे. शरीरात पसरलेल्या आजारात एनफोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब ही नव्या औषधांची जोडी दिलेल्या रुग्णांचे मध्यम आयुर्मान ३१.५ महिने आणि केमो दिलेल्यांचे १६.१ महिने भरल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा सिस्प्लॅटिनचे भाकीत करणारी चाचणी कालबाह्य होणार का, असे कोणी विचारेल. आपल्याकडे तसे होणार नाही असे मला वाटते. ही औषधे इतकी महाग आहेत की आपल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत येणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना ती परवडणारी नाहीत आणि त्यांच्यासाठी जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन हाच बराच काळ मुख्य आधार राहणार आहे. श्रीमंत देशांतील संशोधकांचा या प्रश्नातला रस ओसरला, तर त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी आपल्यासारख्यांवरच येते.

परदेशात तयार झालेले सूत्र इथे तसेच्या तसे का वापरू नये, असेही विचारले जाते. जनुकातला बदल ठाण्यात आणि टोकियोत सारखाच वाचता येतो, पण चयापचयाचे तसे नसते. लघवीतले रेणू आहारावर, आतड्यातल्या जीवाणूंवर, मधुमेहावर, मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर, मिश्री-गुटख्यावर आणि कोणी न विचारता दिलेल्या काढ्यावरही बदलतात. मूत्राशयाच्या रुग्णांत तर लघवीत रक्त असते, कॅथेटर असतो, जंतुसंसर्ग असतो आणि हे तिन्ही रासायनिक चित्र पार बदलून टाकतात. शिवाय आपल्या हवेत बाह्यरुग्ण विभागाच्या टेबलावर दोन-तीन तास राहिलेली लघवी ही पहिल्यासारखी लघवी राहत नाही, कारण तेवढ्या वेळात जीवाणू त्यातली साखर खाऊन स्वतःचे रेणू त्यात सोडतात. नमुना कधी घेतला, किती वेळात थंड केला आणि उणे ८० अंशांवर कधी पोहोचला याची नोंद नसेल, तर पुढचे कोट्यवधी रुपयांचे यंत्र ती उणीव भरून काढू शकत नाही. शिकवताना प्रयोगशाळेत मुलींना मी हेच पुन्हा पुन्हा सांगत आले, की विश्लेषणाची निम्मी गुणवत्ता नमुना घेणाऱ्या हातात असते.

आता आपल्या भागाविषयी बोलते. टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही संशोधनसंस्था खारघरला आहे. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेचा वारसा तिच्याकडे आहे आणि प्रयोगशाळा व रुग्णालय एकाच आवारात असण्याची दुर्मीळ सोय तिथे आहे. राष्ट्रीय कर्करोग ग्रिड या २०१२ मध्ये सुरू झालेल्या जाळ्यामुळे देशभरातली रुग्णालये टाटा स्मारक केंद्राशी जोडलेली आहेत. दुसरीकडे ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे पालिका रुग्णालय, वाशीचे पालिका रुग्णालय अशा ठिकाणी लघवीतून रक्त जाते म्हणून रुग्ण पहिल्यांदा येतात. रुग्ण पहिल्यांदा जिथे येतो आणि संशोधन जिथे होते, त्या दोन ठिकाणांमध्ये ट्रान्स-हार्बरच्या एका लोकल प्रवासाचे अंतर आहे. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली तर खारघर वाटेतच लागते.

माझी सूचना मोठ्या खर्चाची नाही. स्नायूत उतरलेल्या गाठीचे निदान झालेल्या आणि केमो किंवा थेट शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येक इच्छुक रुग्णाची थोडी लघवी आणि थोडे रक्त पहिल्या उपचाराच्या आधी घेऊन, ठरलेल्या वेळात गोठवून, त्याच्या पुढच्या निकालाच्या नोंदीशी जोडून जपून ठेवावे. केमो न घेता शस्त्रक्रिया झालेल्यांचे नमुनेही त्यात असलेच पाहिजेत, नाहीतर वर सांगितलेला घोटाळा आपणही करू. संमतीपत्र सोप्या मराठीत असावे आणि ते केसपेपरच्या गठ्ठ्यात सही घेण्यापुरते न ठेवता समाजसेवा विभागातल्या कोणीतरी रुग्णाशेजारी बसून समजावून द्यावे. नमुना दिला नाही तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही, हे त्याला त्याच वेळी ठामपणे सांगितले जावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत या सगळ्याची चौकट दिलेली आहे. हे काम संथ आहे, त्याचे उद्घाटन होत नाही आणि पहिली काही वर्षे त्यातून सांगण्यासारखे काही निघणारही नाही. तरीही नमुन्यांचा असा साठा हाताशी असला, की जगात कुठेही नवे सूत्र निघाले तरी ते आपल्या माणसांवर चालते का, याचे उत्तर काही महिन्यांत मिळू शकेल. पुढे जाऊन चार-पाच रेणू पुरेसे ठरले, तर ते मोजायला मास स्पेक्ट्रोमीटरची गरज उरणार नाही, साध्या प्रयोगशाळेतही ते मोजता येतील.

खासगी प्रयोगशाळांबाबत एक विनंती आहे. ‘केमो रिस्पॉन्स’ अशा नावाने आकर्षक पॅकेज विकणे कायद्याने शक्य असले, तरी ज्या चाचणीचा निकाल पाहून उपचार बदलावा असा पुरावा नाही, ती घाबरलेल्या कुटुंबाला विकू नये. आणि रुग्णांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की चयापचयाच्या खुणांवरून मूत्राशयाच्या कर्करोगातली केमो ठरवणारी कोणतीही चाचणी आज नेहमीच्या उपचारांचा भाग झालेली नाही. तिच्या शोधात उपचार लांबवू नका. आधी केमो द्यायची नसताना निदानानंतर शस्त्रक्रिया तीन महिन्यांहून अधिक रेंगाळली की निकाल खालावतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कर्करोगतज्ज्ञांनी केमो सुचवली असेल, तर क्रिएटिनिन, ऐकू येणे आणि हातापायांची संवेदना तपासून ती वेळेवर सुरू करणे हेच आज हिताचे आहे. दोन सायकलनंतर स्कॅन करून प्रतिसाद पाहता येईल का, हे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारा. काही गाठींत तेवढ्यावरूनही केमो थांबवून शस्त्रक्रिया पुढे आणण्याचा निर्णय घेता येतो.

आपल्या दैनिकाने या विषयावरच्या बातम्या छापणे थांबवावे असे मी मुळीच म्हणत नाही. अभ्यासात रुग्ण किती होते, सूत्र दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णांवर तपासले का आणि केमो न घेतलेल्यांशी तुलना केली का, एवढी माहिती प्रत्येक बातमीत दोन ओळींत यावी आणि आपल्या भागातल्या पालिका रुग्णालयांच्या अधिष्ठात्यांना नमुने जतन करण्याविषयी आपल्या प्रतिनिधींनी प्रत्यक्ष विचारावे, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्र प्राध्यापिका
कोपरखैरणे, नवी मुंबई